‘वाचन’पुढची खूण

मंगळवार, ११ मार्च

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ताईच्या कॉम्प्युटरच्या मेनूतून माझं ‘वाचन’ नाहीसं झालं. वेळ नेमकी सांगते आहे, कारण चार दहालाच मी तिच्या उजव्या हाताशी चहाचा कप ठेवते आणि कपाचा आवाज झाला की ती मेनूची कळ दाबते. आजही दाबली. खाली जाणारा बाण एकदा दाबला, एंटर मारलं, आणि माझ्या आवाजाऐवजी खोलीत बातम्या सुरू झाल्या. कुठल्याशा पुलाचं उद्घाटन.

“चुकलीस,” मी म्हटलं.

“मी? आणि बाणाला चुकेन?” ताई म्हणाली. “असू दे गं. पूल तर पूल.”

बाणाला ती चुकत नाही हे खरं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसलेली बाई आहे ती. न बघता शंभर भोकांतलं हवं ते भोक तिच्या बोटांना सापडायचं. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची दृष्टी पुरती गेली, तेव्हा मी तिला माझ्या घरी आणलं. कॉम्प्युटर तिच्या लेकीनं घेऊन दिला आणि ती आपल्या घरी निघून गेली. तो आंधळ्या बाईला वापरता येईल असा करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते केलं.

ते कसं केलं ते लिहून ठेवते, कारण पुढेमागे कुणाला पुरावा लागेल. मेनूच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबली की ‘मेनू बदला’ असं येतं. त्यात कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रामांची नावं असतात. प्रत्येक नावापुढे चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. खूण काढली की तो प्रोग्राम मेनूत दिसत नाही. पुसला जात नाही, नुसता दिसेनासा होतो. ताईच्या खात्यातल्या ढीगभर खुणा मी काढून टाकल्या आणि पाच ठेवल्या. वाचन, बातम्या, गाणी, लेकीला फोन, आणि कॉम्प्युटर बंद करणे. एक बाण, दोन बाण, तीन बाण. तिला फक्त मोजायचं.

वाचन म्हणजे मी माझ्या आवाजात वाचून साठवलेल्या कादंबऱ्या. कॉन्व्हेंटात मला मोठ्यानं वाचण्याचा कप मिळाला होता. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

काल कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला होता. आतला पंखा घरघरत होता म्हणून मीच बोलावला, आणि नेमकी त्याच वेळी मी दाढ काढायला डॉक्टरकडे गेले होते. एवढ्यावरून काय ते समजतं.

बुधवार, १२ मार्च

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात स्वतः गेले. दाढेची सूज असताना गेले.

“बोला आजी,” तो म्हणाला. हातात कुणाचा तरी उघडा कीबोर्ड होता आणि तो ब्रशनं त्यातले पावाचे कण झाडत होता.

“मी कुणाची आजी नाही. तुला पंखा साफ करायला बोलावला होता. मेनूला हात का लावलास?”

“कुठला मेनू?”

“माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरमधला. पहिल्या नंबरवरचं वाचन कुठे गेलं?”

तो ब्रश झाडत राहिला. मग म्हणाला, “जात नाही कुठे मॅडम. खूण लावली की येतं परत.”

“ते मला शिकवू नकोस. खुणा काढायचं काम मीच केलेलं आहे.”

“हो का,” तो म्हणाला. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच कुणाच्या घरातले बल्ब काढून नेले होते.

घरी येऊन खूण लावली. चार दहाला वाचन सुरू झालं. ताईनं मुकाट्यानं ऐकलं. चहा मात्र गार करून टाकला.

शुक्रवार, १४ मार्च

खूण पुन्हा गेली!

काल संध्याकाळी होती, मी डोळ्यांनी पाहिली. आज चार दहाला पुन्हा बातम्या. मेनू उघडून बघितला तर वाचनाची खूण नाही आणि मी काढलेल्यांपैकी चार-पाच परत आलेल्या. त्यातली एक स्क्रीन रीडरची. बुधवारी मी फक्त वाचनापुरतंच बघितलं होतं.

या स्क्रीन रीडरबद्दल सांगायला हवं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा हा प्रोग्राम आहे. तो कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासून होता. मी पहिल्याच दिवशी लावून ऐकला होता. आवाज बाईचा, पण पत्र्याच्या पिंपात बसून बोलणाऱ्या बाईचा. ‘ळ’ म्हणता येत नाही. स्वल्पविराम दिसत नाही. पूर्णविरामाला ठेच लागल्यासारखी थांबते. मराठीची अशी कत्तल करणाऱ्या बाईच्या हवाली मी माझ्या सख्ख्या बहिणीला करणार होते की काय? पहिली खूण मी हिचीच काढली. ताईला विचारायचा प्रश्नच नव्हता. घरात वाचणारी व्यक्ती असताना यंत्राची भीक कशाला?

दुरुस्तीवाला दुकानात बसून, तारेतून आपल्या घरात शिरतो आहे याबद्दल आता शंका उरली नाही. असं करता येतं म्हणतात. ताईला सांगितलं. ती कानाला हेडफोन लावून बसली होती. हल्ली गाणी फार ऐकते. एक कान मोकळा करून म्हणाली, “त्याला काय मिळणार गं आपल्या घरात शिरून?”

“त्रास देणं हा काही लोकांचा स्वभावच असतो.”

“ते मात्र खरं,” ताई म्हणाली आणि कान परत झाकला.

मंगळवार, १८ मार्च

दुकानाला लेखी तक्रार दिली. नोकरीत माझं सगळं आयुष्य स्मरणपत्रं लिहिण्यात गेलं. पहिलं सौम्य, दुसरं करडं, तिसऱ्यात मुदत. साहेब म्हणायचे, तुमचं तिसरं पत्र गेलं की पुढचा माणूस धावत येतो. इथे सौम्यपणा सोडून थेट दुसऱ्यावर आले.

दुरुस्तीवाल्याचा फोन आला. आवाज चढलेला. “मॅडम, मालकाला कागद कशाला देता? मी काही केलं असेल तर ज्यांचं खातं त्यांच्या सांगण्यावरून केलं. पुढचं तुमच्या ताईंना विचारा.”

म्हणजे आता स्वतःचं पाप एका आंधळ्या बाईच्या पदरात टाकायचं! मी फोन आपटला. ताईला यातलं काही सांगितलं नाही. तिला उगाच वाईट वाटेल.

खूण मी रोज लावते. रोज ती जाते. हा खेळ आता आठवडाभर चालू आहे आणि ताई एका शब्दानं कुरकुर करत नाही. सहनशील आहेच ती. बाबा गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शाळेतून थेट एक्स्चेंजच्या बोर्डावर जाऊन बसली आणि मी कॉन्व्हेंटात राहिले. त्याबद्दलही कधी तोंडातून शब्द काढला नाही.

गुरुवार, २० मार्च

आज सकाळी ताईच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. साधं हसणं नव्हे. खो-खो, ठसका लागेपर्यंत, मांडीवर हात आपटत. दार उघडलं तर हेडफोन लावून बसलेली, डोळ्यांतून पाणी.

“काय झालं?”

“काही नाही. गाणं.”

“गाण्याला कोण हसतं?”

“गाण्यावर असतं,” ती म्हणाली.

दुपारी मला विचारते, “ट्रंककॉलचं शेवटचं पत्र आलं होतं ना, त्यात काय होतं गं?”

ट्रंककॉल म्हणजे तिची एक्स्चेंजमधली मैत्रीण. शेजारच्या बोर्डावर बसायची. आवाज एवढा मोठा की दुसऱ्या गावाला लाइन न जोडताच ऐकू जावा, म्हणून हे नाव. तिची पत्रं कॉम्प्युटरवर यायची आणि ती मी ताईला वाचून दाखवायचे. वाचून म्हणजे अर्थातच सारांश. ती बाई दोन-दोन पानं लिहायची आणि त्यात काय नसायचं? शेजाऱ्यांची लफडी, स्वतःच्या पोटाच्या तक्रारी, आणि जे विनोद एक्स्चेंजमधल्या पुरुषांनीसुद्धा दार लावून सांगितले असते ते. असलं मी तोंडानं उच्चारायचं? साहेबांनासुद्धा मी टपालाचा सारांशच द्यायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. “ट्रंककॉल बरी आहे, गुडघे दुखतात, तुझी आठवण काढली आहे.” मुद्दा पोचला की झालं.

उत्तरंही मीच लिहायचे. ताई सांगायची, “लिही, अगं भवाने, मेलीस की काय?” मी लिहायचे, “बरेच दिवसांत आपले क्षेम कळले नाही.” अर्थ तोच.

गेल्या वर्षी ट्रंककॉलनं लिहिणं बंद केलं. उतारवयात माणसं विसरतात, असं मी ताईला समजावलं होतं.

“शेवटच्या पत्रात?” मी म्हटलं. “तेच. गुडघे. आठवण.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ती बोटांनी टेबलाच्या कडेवर काहीतरी मोजत होती.

रविवार, २३ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहिते.

जेवण झाल्यावर मी ताटं उचलत होते. ताई म्हणाली, “मदर सुपीरियर, बस जरा.” कॉन्व्हेंटच्या मुख्य सिस्टरचं हे नाव तिनं मला मी दहा वर्षांची असताना ठेवलं. तिचा चांगला मूड असला की ती ते वापरते. म्हणून मी बसले.

“दुरुस्तीवाल्याच्या मागे लागणं बंद कर. तो पंखा साफ करत होता, तेव्हा मी सहज विचारलं, आमच्यासारख्यांसाठी यात काही नसतं का रे? तो म्हणाला, यात वाचणारी आहेच की मावशी, तिची खूण कुणी काढली?”

मी म्हटलं, “तिचा आवाज भयंकर आहे.”

“मी म्हटलं, लाव ती खूण. त्यानं लावली. आता ती बोलते आणि मी ऐकते. मेनूत काय काय आहे ते ती मला एकेक करून सांगते. गेल्या दोन आठवड्यांत सगळा मेनू पालथा घातला मी.”

“ताई, तिला ‘ळ’ म्हणता येत नाही!”

“अगं, जन्मभर मी आवाजच ऐकले. चिरके, फुटके, दारू प्यालेले, रडणारे. आवाज कसा आहे ते कोण बघतं? लाइन लागली पाहिजे. इथे दोन वर्षं ती बाई माझ्या हाताखाली बसली होती आणि मी बाण मोजत होते.”

“आणि माझं वाचन?” मी विचारलं. “तेही त्यानंच काढलं?”

“ते मी काढलं. माउस लागत नाही, ती सांगते आणि मी कळ दाबते. रोज तू लावायचीस, रोज मी काढायचे.”

माझ्या हातात अजून ताट होतं. बारा दिवस मी ज्या चोराला शिव्या देत होते तो माझ्यासमोर बसून माझ्याच हातचं जेवत होता.

“का?”

“तू गाळतेस.”

“एक शब्द गाळत नाही मी कादंबऱ्यांतला!”

“गाळतेस. उडी मारायच्या आधी तू श्वास घेतेस. एवढासाच. बाई-पुरुष जवळ आले की श्वास. कुणी शिवी दिली की श्वास. मला सवय आहे गं, लाइनवर माणूस काही लपवत असलं की आधी श्वास घेतं. कादंबऱ्यांचं मी चालवून घेत होते. म्हटलं, हौस आहे तिची. पण ट्रंककॉलची पत्रं मी आता सगळी ऐकली. पहिल्यापासून. तिनं विचारलंय, तू मला आपण का म्हणायला लागलीस? डोळे गेले तशी मीही गेले का तुझ्या लेखी? असो म्हणाली, आता त्रास देत नाही.”

“मी तुझ्या भल्यासाठी केलं.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “म्हणून तर भांडता येत नाही तुझ्याशी.”

आणि उठून, भिंतीला हात न लावता, आपल्या खोलीत गेली.

दोन वर्षं मी घसा खरवडून वाचलं. सर्दीत वाचलं. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं होतं तेव्हाही वाचलं. एक शब्द आभाराचा नाही. वर श्वासाचा हिशेब!

बुधवार, २६ मार्च

घरात आता ती पत्र्याची बाई बोलते. हेडफोन लावायची गरज उरलेली नाही, म्हणून ताईनं ते काढून ठेवलेत. सकाळपासून “फाइल. संपादन. दृश्य.” ताई टाइपही करते. एक्स्चेंजमध्ये शिकली होती. एकेक अक्षर ती बाई मोठ्यानं म्हणते. माझ्याशी दोघीही बोलत नाहीत, असं नाही. ताई बोलते. मीठ दे, पंखा लाव, आलाय का पेपर. पण “काय लिहिलंय बघ जरा” हे वाक्य तिनं रविवारपासून एकदाही म्हटलेलं नाही.

चार दहाला मी कप ठेवला. तिनं थँक्यू म्हटलं. घरच्या माणसाला थँक्यू.

शनिवार, २९ मार्च

ट्रंककॉल आली. टॅक्सी करून, स्वतः. ताईनं तिला लिहिलं होतं, काय ते मला माहीत नाही, आणि विचारणार नाही. गुडघे खरंच दुखतात तिचे. एकेक पायरी धरून चढली आणि दारात माझ्याकडे बघून दम खात म्हणाली, “आपले क्षेम कसे आहे?”

मी बाजूला होऊन तिला वाट दिली.

मग दोघींनी जो काही गोंधळ घातला तो शेजाऱ्यांनी ऐकला असेल. “मेलीस की काय भवाने?” “तू मेलीस!” गळ्यात गळे घालून रडणं काय, मध्येच हसणं काय. मी चहा केला. तीन कप. दोघींना कुठला चहा आणि कुठलं काय.

ताई तिच्याबरोबर गेली. “महिनाभर,” असं म्हणाली. तिची पिशवी मी भरली, कारण कुठला ब्लाउज कुठल्या साडीवरचा हे ती पत्र्याची बाई सांगू शकत नाही. औषधांच्या बाटल्यांना मी केव्हाच वेगवेगळ्या जाडीचे रबर गुंडाळून ठेवले आहेत. सकाळच्या बाटलीला जाड, रात्रीच्या बाटलीला बारीक. तेही ट्रंककॉलला समजावून सांगितलं. तिनं हातात बाटली धरून रबर चाचपून बघितलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, “हे छान केलंयत.” मला तिच्या सर्टिफिकिटाची गरज नाही.

पायऱ्या उतरताना ताईनं माझा दंड धरला होता. खाली पोचल्यावर म्हणाली, “काही असलं तर मेल कर. तिच्याकडेही कॉम्प्युटर आहे. मी वाचीन.”

मी वाचीन, म्हणते.

सोमवार, ३१ मार्च

दुपारी चार वाजता सवयीनं दोन कप काढले. एक परत ठेवला.

ताईच्या खोलीत जाऊन तिचं खातं उघडलं. मेनू आता लांबलचक झाला आहे, वरपासून खालपर्यंत. तिनं त्यात स्वतःची नावं घातली आहेत. ट्रंककॉलला वेगळी जागा, लेकीला वेगळी, पत्ते नावाचंही काहीतरी आहे, आंधळ्या बाईला पत्ते कशाला ते देव जाणे. ‘मेनू बदला’ उघडलं. माझं वाचन अगदी खाली आहे, खूण काढलेलं. पुसलेलं नाही. सगळ्या कादंबऱ्या जागच्या जागी आहेत.

माउस चौकोनावर नेला. एकदा दाबलं असतं तर झालं असतं. बराच वेळ तसाच धरून बसले. मग हात काढला. ती रोज काढणार आणि मी रोज लावणार, या वयात हे शोभत नाही. लावायची तर तिनं लावावी.

म्हणून मेल लिहिला. पहिलं आणि दुसरं स्मरणपत्र सोडून थेट तिसरं. पाठवण्याआधी एक गोष्ट केली. त्या पत्र्याच्या बाईला चालू करून तो तिच्याकडून वाचून घेतला, ताईला कसा ऐकू जाईल ते कळावं म्हणून. माझा सगळा राग तिनं पाण्याचं बिल वाचावं तसा वाचला. कुठे जोर नाही, कुठे थांबणं नाही. पण एक शब्द गाळला नाही, हे मला लिहिलंच पाहिजे.

मेलची प्रत इथे ठेवते.

ताईस,

घरी सगळं ठीक आहे. दाढेची सूज उतरली. दुकानाला दिलेली तक्रार मी मागे घेतली आहे, दुरुस्तीवाल्याची माफी मागितलेली नाही.

तुझ्या मैत्रिणीला आपण म्हणायला मी लागले, तू नव्हे, हे तिला सांग. विनोद मी गाळले, कारण ते घाण होते, आणि अजूनही माझं तेच मत आहे. घसा बसेपर्यंत मी वाचलं ते कॉन्व्हेंटातल्यासारख्या कपासाठी नव्हे. तुझ्याशिवाय माझं ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं आणि नाही. हे वाक्य तुझी ती बाई कसं वाचते मला माहीत आहे, तरी ठेवते.

चहाची वेळ तीच आहे.

वाचनापुढची खूण तू परत लावणार आहेस की नाही, आणि महिना झाल्यावर परत येणार आहेस की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला लेखी हवी आहेत. मुदत रविवार, सहा एप्रिल, संध्याकाळी पाच. फोनवर सांगितलेलं धरलं जाणार नाही. तुझ्या मैत्रिणीनं तुझ्या वतीनं लिहिलेलंही नाही. तू स्वतः टाइप कर.

आणि जे असेल ते पूर्ण लिही. सारांश पाठवू नकोस.